फक्त सही बाकी

अकरावीच्या वर्षी आमच्या घरातलं जेवायचं टेबल जेवायला उरलं नव्हतं. एका टोकाला कॉलेजांकडून येणारी चकचकीत माहितीपत्रकं, दुसऱ्या टोकाला कॉलेजप्रवेशाच्या एसएटी परीक्षेची जाडजूड पुस्तकं, मधे बाबांचा प्रिंटर आणि प्रिंटरच्या डोक्यावर लिंबाच्या लोणच्याची बरणी, कारण बरणीला दुसरी जागाच राहिली नव्हती. जेवायची वेळ झाली की आई नुसतं "उचला" म्हणायची. मग मी आणि बाबा सगळा ढीग सोफ्यावर नेऊन टाकायचो, आणि जेवण झालं की परत आणून मांडायचो. सोफ्यावर कोणाला बसायचं असेल तर त्यानं जेवणाची वेळ टाळावी, असा साधा नियम होता. नोव्हाय या आमच्या अमेरिकन गावातल्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात, मूल अकरावीत गेलं की वर्षभर हेच चालायचं. इथे त्या वर्षाला ज्युनियर इयर म्हणतात. कॉलेजचे अर्ज करायचे बारावीच्या सुरुवातीला, पण त्या अर्जात जे काही मिरवायचं ते अकरावी संपेपर्यंत जमवून ठेवावं लागतं. त्यामुळे त्या वर्षी मी सर्दीनं आजारी पडले तरी आई आधी कॅलेंडर बघायची आणि मग कपाळाला हात लावायची.

बाबा एका मोटार कंपनीत गिअरबॉक्सच्या विभागात होते. मी नऊ वर्षांची असताना ते पुण्याहून कामाच्या व्हिसावर इथे आले आणि मागोमाग आम्ही दोघी. आई पुण्यात अकरा वर्षं शाळेत गणित शिकवत होती. इथे तिच्या व्हिसावर नोकरी करायला परवानगी नव्हती, त्यामुळे शिकवायची सगळी हौस माझ्यावर आणि शनिवारच्या मराठी शाळेवर भागवायची. ती शाळा एका चर्चच्या तळघरात भरायची. तिथे आई इथेच जन्मलेल्या मुलांकडून पाढे म्हणवून घ्यायची आणि घसा बसवून घरी यायची. घरात आवाज ठरलेले होते. सकाळी बाहेर फावड्यानं बर्फ ओढल्याचा खरखराट, मग घर गरम ठेवणारी तळघरातली भट्टी सुरू झाल्याचा धप्प आवाज, संध्याकाळी गराजचं दार वर जाताना व्हायची ती लांबलचक करकर. ती करकर ऐकली की आई कुकरखालचा गॅस मोठा करायची. बाबा बूट काढून आत येईपर्यंत पहिली शिट्टी झालेली असायची. मी आता जिथे राहते तिथे गराजही नाही आणि कुकरही बिनशिट्टीचा आहे, तरी साडेसहा वाजले की मला अजून भूक लागते.

बाबांनी माझ्या अर्जांचा एक तक्ता केला होता आणि तो फ्रिजवर लावला होता. लाल म्हणजे राहिलं, पिवळं म्हणजे चालू आहे, हिरवं म्हणजे झालं. ऑफिसात ते गिअरबॉक्सचंही असंच करत असणार. रोज रात्रीचं जेवण झालं की हात धुऊन ते फ्रिजपुढे उभे राहायचे आणि म्हणायचे, "मंजू, हे अजून लालच दिसतंय." मला त्या तक्त्याचा भयंकर राग यायचा. माझ्या मैत्रिणींच्या फ्रिजवर कुत्र्यांचे फोटो होते. मी चिडून इंग्रजीत काहीतरी बोलायचे, बाबा शांतपणे मराठीत उत्तर द्यायचे, आणि आई म्हणायची की भांडायचं असेल तर एका भाषेत भांडा, मला भाजी करपवायची नाहीये. पण खरं सांगायचं तर तो तक्ता नसता तर माझं एकही काम वेळेवर झालं नसतं. मी तेव्हाही आळशी होते आणि आताही आहे.

त्या तक्त्यातली सर्वांत हट्टी लाल ओळ होती शिक्षकांच्या शिफारसपत्रांची. दोन पत्रं लागायची. या बाबतीत आमच्या सगळ्या मंडळींत अधिकार होता तो शुभांगीकाकूंचा. काकू मूळच्या नागपूरच्या, त्यांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी एका फार नावाजलेल्या कॉलेजात गेला होता, आणि तेव्हापासून नोव्हायमधल्या झाडून सगळ्या आया त्यांना फोन करून सल्ला विचारायच्या. त्यांनी आईला फोनवर सांगितलं, "वहिनी, चांगल्या टीचरला मार्चमधेच पकडायला सांगा पोरीला. मे महिन्यात रांग लागून राहते बाप्पा, मग कोणी विचारत नाही." माझ्यासाठी चांगली टीचर म्हणजे मिसेस कोवाल्स्की. त्या आम्हाला केमिस्ट्री शिकवायच्या. साठीच्या आसपासच्या, ठेंगण्या, डोक्यावर कायम सेफ्टी गॉगल चढवलेला, आणि हसणं जवळजवळ नाहीच. वर्षाला त्या फक्त आठ पत्रं लिहायच्या आणि ती आठच्या आठ मुलं जिथे हवं तिथे जायची, अशी शाळेत वदंता होती. मला त्या मनापासून आवडायच्या आणि त्यांच्यापुढे माझी जीभ टाळ्याला चिकटायची. त्यांच्या वर्गात मला बाकी सगळ्या परीक्षांत ए मिळाला होता, एकदाच बी प्लस. तो बी प्लस त्यांनी मला परत देताना म्हटलं होतं, "तू यापेक्षा बरी आहेस." त्या एका वाक्यावर मी महिनाभर जगले होते.

मार्चमधल्या एका गुरुवारी तास संपल्यावर मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं. त्यांनी फळा पुसायचं थांबवलं नाही. म्हणाल्या, "विचार करते. तुझ्याबद्दल मला काय माहीत असावं असं तुला वाटतं, ते एका पानावर लिहून माझ्या ट्रेमधे ठेव." बस, एवढंच. मी उड्या मारत घरी आले. इथल्या मुलांना ठाऊक होतं की याचा अर्थ काय, कारण सगळे शिक्षक असं पान मागायचे. आपण काय काय केलं, कशात रस आहे, हे मुलानं आपल्या शब्दांत लिहायचं आणि शिक्षकानं त्यातलं हवं ते उचलायचं. मी जेवताना बाबांना सांगितलं, "त्यांनी एक पान लिहून मागितलंय." बाबांचा चेहरा उजळला. "मग झालंच की," ते म्हणाले. "फक्त सही बाकी."

बाबांचं असं म्हणणं होतं, आणि ते त्यांनी मला अगदी समजावून सांगितलं, की थोर शिक्षकांना वेळ नसतो. त्यांनी स्वतः जेव्हा परदेशी विद्यापीठांत अर्ज केले होते तेव्हा ते आपल्या विभागप्रमुखांकडे, गोडबोले सरांकडे, गेले होते. सर म्हणाले, "सुधीर, तू काय काय दिवे लावलेस ते मला कुठं आठवणार? तूच लिहून आण, मी सही करतो." मग बाबांनी टायपिंगच्या क्लासात बसून तीन पत्रं टाइप केली, सरांनी तिन्हीवर सही केली, शिक्का मारला आणि वर चहा पाजला. ते अर्ज पुढे कुठे लागले नाहीत, ती गोष्ट वेगळी. पण शिक्षकाकडे मजकूर तयार करून न्यायचा ही त्यांच्या दृष्टीनं विद्यार्थ्याची रीत होती. शिक्षकाला कोरा कागद देऊन लिहा म्हणणं त्यांना उद्धटपणाचं वाटायचं. आता मी स्वतः कॉलेजात शिकवते आणि वर्षाला दहा-बारा शिफारसपत्रं लिहिते. पुण्यामुंबईहून आलेली एखादी मुलगी ईमेलला आख्खं पत्र जोडून पाठवते, खाली माझं नाव टाइप केलेलं, आणि वर अत्यंत आदबीनं लिहिते की मॅडम, आपला वेळ वाचावा म्हणून. माझे सहकारी अशा मुलांवर संतापतात. मी त्या मुलांना फोन करते.

तो शनिवार मला स्वच्छ आठवतो. आई मराठी शाळेत गेली होती आणि ओट्यावर पोहे झाकून ठेवले होते. बाबा कंप्युटरपुढे बसून दोन बोटांनी टाइप करत होते आणि मी शेजारी बशी घेऊन पोहे खात होते. पत्राची सुरुवात अर्थातच टू हूमसोएव्हर इट मे कन्सर्न अशी होती. मग मी किती वर्षं या शाळेत आहे, मी आज्ञाधारक, नियमित आणि कष्टाळू आहे, माझी वर्तणूक उत्तम आहे, आणि शेवटी मिसेस कोवाल्स्की मला भावी आयुष्यासाठी यश चिंतितात. मी इतकी हसले की मला ठसका लागला.

"हसतेस काय?" बाबा म्हणाले. "याच भाषेवर माझी नोकरी लागली."

"बाबा, नोबडी राइट्स लाइक धिस. दे वॉन्ट स्टोरीज."

"कसल्या स्टोरीज?"

"म्हणजे एखादा प्रसंग. मी काय केलं, तेव्हा टीचरला काय वाटलं. असं."

"मग तू घाल प्रसंग," बाबा खुर्चीवरून उठत म्हणाले. "मी ड्राइव्हवे साफ करून येतो. आई यायच्या आत केला नाही तर गाडी आत यायची नाही."

तर बाबा बाहेर फावडं ओढत होते आणि मी त्यांच्या गरम खुर्चीवर बसून प्रसंग घातला. प्रयोगशाळेत माझ्या जोडीला असलेल्या केली नावाच्या मुलीचा त्या हिवाळ्यात बर्फावर घसरून पाय मोडला होता आणि ती दीड महिना घरी होती. मी तिला एकदा माझ्या नोट्स स्कॅन करून पाठवल्या होत्या. एकदा. मी लिहिलं की मंजिरी दर आठवड्याला न सांगता न सवरता केलीच्या घरी जात होती, तिला केमिस्ट्री शिकवत होती, आणि हे मला, म्हणजे मिसेस कोवाल्स्कींना, फार उशिरा कळलं, कारण मंजिरी कशाचाही गाजावाजा करत नाही. शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर मला स्वतःचंच भरून आलं. मी ते तीनदा वाचलं. मिसेस कोवाल्स्कींनी माझ्याबद्दल असं काही कधी म्हणावं असं मला इतकं वाटत होतं, की ते त्यांनीच लिहिलंय असं दहा मिनिटं वाटून गेलं. मग मी प्रिंट काढली. बाबा लाल नाकानं आत आले, "झालं का?" म्हणाले. मी "झालं" म्हटलं. त्यांनी कागद न वाचता प्लास्टिकच्या फोल्डरमधे सरकवला, सहीच्या खाली शिक्क्याला जागा सोडली आहे ना तेवढं पाहिलं, आणि बाईंना शोधावं लागू नये म्हणून स्वतःचं चांगलं पेन वर अडकवलं.

हे बरोबर नाही हे मला कळत होतं का? अर्धं कळत होतं. बाकीच्या मुलींची पानं मी पाहिली होती, त्यांत कोणी शिक्षकाच्या तोंडी काही घातलं नव्हतं. आणि मुळीच कळत नसतं तर मी तो फोल्डर सोमवारी सकाळी हातात दिला असता. वर्ग रिकामा असताना मी तो ट्रेमधे ठेवला आणि पळाले.

मंगळवारी मला मिस्टर डॉसन यांच्या खोलीत बोलावलं. ते आमचे काउन्सेलर, म्हणजे मुलांच्या कॉलेजअर्जांचं काम बघणारे. भला माणूस होता, सतत पुदिन्याच्या गोळ्या खायचा. त्या दिवशी गोळी नव्हती. त्यांनी मला एक छापील फॉर्म दाखवला. प्रत्येक मुलाबरोबर शाळेकडून हा फॉर्म सगळ्या कॉलेजांना जातो, ते म्हणाले, आणि त्यात एक छोटा चौकोन होता. या विद्यार्थ्यानं कधी अप्रामाणिकपणा केल्याचं शाळेला आढळलं आहे का? मिसेस कोवाल्स्कींनी पत्र त्यांच्याकडे आणून दिलं होतं. कोणीतरी त्यांच्या नावानं त्यांचं पत्र लिहिलं आहे, आणि त्यात न घडलेल्या गोष्टी आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. आता गुरुवारी तीन वाजता माझ्या आईवडिलांना घेऊन बसायचं, आणि त्यानंतर मिस्टर डॉसन ठरवणार की त्या चौकोनात खूण करायची की नाही. "खूण झाली तर?" मी विचारलं. ते म्हणाले, "मग बाकीच्या फॉर्ममधे काय आहे ते फारसं कोणी बघत नाही." फ्रिजवरचा आख्खा तक्ता एका चौकोनावर येऊन ठेपला होता.

बाबांना ऑफिसात फोन गेला होता. संध्याकाळी गराजमधेच त्यांनी मला गाठलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आईला आत्ता काही बोलू नकोस. गैरसमज आहे, मी जाऊन दूर करतो. सुशिक्षित माणसं आहेत, ऐकतील." मी मान हलवली. प्रसंगाबद्दल मी एक अक्षर बोलले नाही. मंगळवार, बुधवार आणि गुरुवारची सकाळ, एवढा वेळ माझ्याकडे होता आणि मी बोलले नाही. बाबा वाचतीलच कधीतरी असं वाटलं, आणि ते वाचणार नाहीत असंही वाटलं.

गुरुवारी ते कोट घालून आले. तो कोट ते मुलाखतीला घालायचे आणि तो आता पोटावर बसत नव्हता. मिसेस कोवाल्स्कींनी डोक्यावरचा गॉगल काढून ठेवला होता, त्यामुळे त्या मला कोणी दुसऱ्याच बाई वाटल्या. पत्र टेबलावर होतं, पेनसकट. बाबांनी बोलायला सुरुवात केली आणि ते छान बोलले, हे मला आजही कबूल करायला हवं. त्यांचं इंग्रजी ऑफिसात असतं तसं होतं, सावकाश आणि जरा जड. आमच्याकडे विद्यार्थी मजकूर लिहून नेतो, गुरूचा वेळ वाचावा म्हणून. त्यात फसवायचा हेतू नसतो, गुरूला पटलं नाही तर तो फाडून टाकतो. इथली पद्धत वेगळी आहे हे आपण विचारून घ्यायला हवं होतं, ती आपली चूक. मिसेस कोवाल्स्की ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मी तुमच्यावर विश्वास ठेवते, सर. असं पत्र माझ्याकडे पहिल्यांदा आलेलं नाही." मिस्टर डॉसन खुर्चीत जरा मागे टेकले. मला वाटलं, सुटलो.

"पण हे," मिसेस कोवाल्स्की म्हणाल्या आणि दुसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवलं. "केलीच्या घरी दर गुरुवारी कोणीतरी जात होतं हे खरं आहे. सहा आठवडे. मी जात होते. मंजिरी मला तिथे कधी दिसली नाही." मग त्यांनी विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

खोलीतल्या गालिच्यावर निळे आणि करडे ठिपके होते. मी ते बघत होते. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि कागद स्वतःकडे ओढला. त्यांनी तो परिच्छेद वाचला. मग परत वरून वाचला. तो त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता. मला वाटतं ठरवायला त्यांना एवढाच वेळ लागला असेल, एक परिच्छेद दोनदा वाचायला लागतो तेवढा.

"मीच लिहिलं," बाबा म्हणाले. "मैत्रीण आजारी आहे असं मुलीकडून ऐकलं होतं. पुढचं मी धरून चाललो. तिला याची कल्पना नाही."

मिस्टर डॉसननी माझ्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

मी "नो" म्हटलं.

सोळा-सतरा वर्षांची होते, घाबरले होते, हे सगळं मी नंतर स्वतःला अनेकदा सांगून पाहिलं आहे. पण खरं असं आहे की तो शब्द तोंडातून फार सहज गेला. बाबांनी दार उघडून धरलं होतं आणि मी त्यातून बाहेर पडले, मागे ते आत राहिले तरी. मला लाज वाटली ती नंतर. त्या क्षणी नुसतं हायसं वाटलं होतं. मिसेस कोवाल्स्की माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. ते इंग्रजी बाबांचं नाही हे त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही, पण एक बाप समोर बसून हे माझं म्हणतोय, त्यावर त्या काय बोलणार. त्यांनी मला पत्र देणार नाही एवढं सांगितलं. मिस्टर डॉसन म्हणाले की हा पालकांचा गैरसमज धरू, चौकोन कोरा ठेवू. बाबांनी दोघांचीही वेगवेगळी माफी मागितली आणि हात मिळवले. त्यांचं पेन मिसेस कोवाल्स्कींनी उचलून त्यांच्या हातात दिलं, आणि बाबा थँक्यू म्हणाले.

गाडीत बसल्यावर त्यांनी हीटर लावला आणि काच साफ व्हायची वाट बघत बसले. मी वाट बघत होते की आता ओरडतील. ओरडले असते तर किती बरं झालं असतं.

"ते खरं होतं का गं?" त्यांनी विचारलं. "तू जात होतीस का त्या मुलीकडे?"

"नाही."

"मग लिहायला नको होतं." काच आतून पुसत ते म्हणाले, "बाकी पत्र ठीक होतं."

त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. मजकूर लिहून नेण्यात गैर काय ते त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. खोटं लिहिणं गैर हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि ते मला सांगणारा माणूस दहा मिनिटांपूर्वी माझ्यासाठी कोट घालून धडधडीत खोटं बोलून आला होता. मी रडायला लागले. बाबांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून बर्गरच्या दुकानातले नॅपकिन काढून दिले आणि म्हणाले, "आईला मी सांगतो."

आईला त्यांनी सगळं स्वतःवर घेऊनच सांगितलं. आई तेव्हा पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं बाजूला ठेवलं. "शिक्षकाच्या तोंडी खोटं घातलंत? शिक्षकाच्या?" ती म्हणाली. "अकरा वर्षं मी प्रगतिपुस्तकांवर सह्या केल्या. कोणी माझ्या नावानं असं काही लिहून आणलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. आणि पोरीचं वर्ष? तिचं काय झालं असतं?" बाबा म्हणाले, "चुकलं माझं." मी तिथेच फ्रिजला टेकून उभी होते. आई तीन दिवस बाबांशी बोलली नाही. सगळा कारभार माझ्यातर्फे चालायचा. "बाबांना सांग, ताट वाढलंय." "बाबांना विचार, ताक हवंय का." मी सांगायचे, विचारायचे, आणि बाबा मला "हो म्हणावं" असं म्हणायचे. चौथ्या दिवशी तिनं त्यांच्याकडे थेट मीठ मागितलं आणि तो विषय घरात मिटला. तक्ता मात्र बाबांनी काढून माझ्या टेबलावर आणून ठेवला. "तुझं तू बघ आता," ते म्हणाले. "मला इथलं कळत नाही." अर्जासाठी लिहिलेला माझा निबंध वाचा म्हणून मी दोनदा त्यांच्याकडे घेऊन गेले. दोन्ही वेळा त्यांनी हात पुसत पुसत नको म्हटलं. मी हात लावला तर परत काहीतरी चुकेल, म्हणाले. नाटक करत होते असं मला तेव्हा वाटायचं. मग हळूहळू दिसायला लागलं की त्यांना ते खरंच वाटायला लागलंय. फोनचं बिल असो, डेंटिस्टचा फॉर्म असो, आधी मला विचारायचे, इथे काय लिहायचं असतं गं.

मे महिन्याच्या शेवटी आईनं शुभांगीकाकू आणि त्यांचे मिस्टर प्रमोदकाका यांना रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. मसालेभात, काकडीची कोशिंबीर, बटाटेवडे, आणि आदल्या दिवसापासून दही टांगून केलेलं श्रीखंड. टेबल पूर्ण मोकळं केलं होतं आणि बाहेर पहिल्यांदाच खिडक्या उघड्या टाकता येतील इतकं ऊन होतं. काकूंनी अर्जांची चौकशी केली, आणि आईचा राग आता इतका निवला होता की तिनं ती सगळी हकिकत गंमत म्हणून सांगितली. आई गोष्ट सांगते छान. कोट, शिक्क्याची जागा, अडकवलेलं पेन, सगळं. बाबाही त्यात सामील झाले. टू हूमसोएव्हर त्यांनी गोडबोले सरांच्या आवाजात म्हणून दाखवलं.

"आणि वर यांनी मनचा प्रसंग घातला," आई डोळे पुसत म्हणाली. "म्हणे आमची मंजू मैत्रिणीला शिकवायला जायची. ती बाईच जात होती शिकवायला."

"काय राव सुधीर," प्रमोदकाका म्हणाले, "गिअरबॉक्सचं ड्रॉइंगपण असंच मनानंच करून राहिला का तू? गाडी घ्यायची का नाही आम्ही?"

सगळे हसले. बाबा सगळ्यांत मोठ्यानं हसले. "म्हणून तर मी माझ्या कंपनीची गाडी चालवत नाही," ते म्हणाले, आणि परत हशा झाला. ते हसताना मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते. दोन महिने मी गप्प बसले होते, पण ते मला बघवेना.

"तो प्रसंग मी लिहिला होता," मी म्हणाले. "बाबांनी नाही. त्यांनी वाचलाही नव्हता. मी लिहिला, आणि शाळेत विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले."

आईनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्या बोलण्याची वाट बघत होते, आणि मला बरं वाटत होतं, त्या गुरुवारपासून पहिल्यांदाच. आता ती रागावेल, बाबांना सॉरी म्हणेल, आणि मग पुढचं सगळं सरळ होईल.

"बघा," बाबा म्हणाले. ते अजून हसतच होते. "बापाची टिंगल झालेली बघवत नाही पोरीला. लगेच स्वतःवर घेतलं."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी छातीवर हात ठेवला. "मुलगी असावी तर अशी बाप्पा," त्या म्हणाल्या. "आमचा कार्टा असता तर बापाला आणखी दोन शब्द लावून मोकळा झाला असता."

"पण खरंच," मी म्हणाले, "आय ॲम नॉट..."

"पुरे गं आता," आई म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "नाही हसत आम्ही तुझ्या बाबांना." बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी काकांना कोशिंबीर पुढे करायला सांगितली. आईनं मोठा डाव घेऊन माझ्या वाटीत आणखी श्रीखंड वाढलं, आणि सगळे कौतुकानं बघत होते तेव्हा मी ते खाल्लं.